शेरा : एकाग्रता उत्तम

येना (जर्मनी), १९ नोव्हेंबर

ती. वसुधाताईस,

साष्टांग नमस्कार. (घातला असं समज. इथे जमिनीवर आडवं व्हायला जागा नाही, का ते पुढे कळेलच.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची साखर? आम्ही तिघं मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

तू फोनवर म्हणालीस तसं हे 'परदेशात गेल्यावर सुचलेलं फॅड' नाही. मार्चमध्ये मी अन्वीला शाळेनंतरच्या होर्टमधून आणायला विसरलो. दुसऱ्यांदा. तिथल्या बाई तिला कोट घालून दारात उभ्या. पोरगी रडली नाही गं, त्यांना जर्मनमध्ये समजावत होती की पपा येतील, त्यांना फक्त उशिरा आठवतं. मुक्ता त्या दिवशी भांडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "हा आजार असेल तर मी आहे. स्वभाव असेल तर माझ्याच्याने आता होणार नाही." तेव्हापासून मी, वय वर्षं त्रेचाळीस, स्वतःला आजारी ठरवून घ्यायच्या खटपटीत आहे.

आधी वाचन. मोठ्या माणसांचं लक्ष का लागत नाही यावर सहा पुस्तकं मागवली. त्यातलं एक चारशे बारा पानांचं, मुंगीएवढ्या टायपात, आणि म्हणे ज्यांचं लक्ष लागत नाही त्यांच्यासाठीच लिहिलंय! लिहिणाऱ्याला एकदा समोर बसवून... जाऊ दे. सहाही पुस्तकं तिसाव्या पानावर जमिनीवर पालथी पडली आहेत (नमस्काराची अडचण ती हीच). इंटरनेटवर बारा प्रश्नांची चाचणी सापडली. सातव्या प्रश्नाला मी तुझ्यासाठी गुडघ्याचे पट्टे बघत होतो. (पोचले का?) ऑफिसातला सिद्धांत म्हणाला, हे हल्ली सगळ्यांनाच असतं. सगळ्यांच्या बायका वेगळं घर शोधतात का, ते विचारायचं राहिलं. भावोजींनी ब्राह्मी तेल पाठवलं, तू ध्यानाचे अकरा व्हिडिओ. प्रेमाने पाठवलेस, कळतं मला. पण राग आला, खरं सांगतो.

उपयोगी पडलं ते एकच. इथे आमच्यासारख्यांचा एक मदतगट आहे, त्यातल्या ट्राम चालवणाऱ्या बाईंनी स्वतः लिहिलेलं चार पानी पत्रक. मोठी अक्षरं, छोटी वाक्यं. तिसऱ्या पानावर होतं : तुम्ही आळशी नाही. मी थांब्यावर उभ्या उभ्या रडलो आणि तीन ट्राम सोडल्या. (चुकल्या नाहीत. सोडल्या.)

पत्रकात दवाखान्याचा नंबर होता. फोन घेतात फक्त मंगळवारी, आठ ते साडेआठ. मला मंगळवार आठवतो नऊ वाजता. सात मंगळवार गेल्यावर मुक्तानेच फोन लावून माझ्या हातात दिला. वेळ मिळाली ती गेल्या गुरुवारची.

आता ऐक. हा विकार लहानपणापासूनच असावा लागतो, म्हणून प्राथमिक शाळेचं त्सॉयग्निस, म्हणजे आपलं प्रगतिपुस्तक, दाखवावं लागतं. इथे कागदाशिवाय माणसाला आजारीही पडता येत नाही. तू कपाटातून शोधून पाठवलेलं चौथीचं पुस्तक मी न उघडताच सरकारमान्य अनुवादिकेकडे धाडलं होतं. खात्रीच होती ना! गुरुजी मला वर्षभर 'धांदरट' याच नावाने हाक मारायचे. डॉक्टरीणबाईंनी अनुवाद मोठ्याने वाचला : एकाग्रता उत्तम, वर्तन अनुकरणीय. आल्झो (म्हणजे 'तर मग'), म्हणाल्या, लहानपणी तर काहीच नव्हतं! वर अभिनंदन केलं. मी आभार मानून बाहेर आलो. मुक्ताला अजून सांगितलेलं नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा धांदरट (अनुवाद : अनुकरणीय)
नागेश

ता. क. घरी येऊन मूळ पान खिडकीशी धरलं. शेऱ्याखालचा कागद ब्लेडने खरवडलेला आहे आणि 'अनुकरणीय'मधला 'णी' तुझा आहे. तू तेव्हा नववीत असशील. सहीसाठी पुस्तक नानांपुढे न्यायचं म्हटलं की मी थरथरायचो, तेही आठवलं. तर विनंती अशी : गुरुजींनी मुळात काय लिहिलं होतं ते, आणि खरवडलं तूच, एवढं सही करून पाठव. जेवढं वाईट लिहिलं होतं तेवढं सगळं लिही, लाजू नकोस. माझा संसार त्या शेऱ्यावर अडलाय.

आणखी एक. पुस्तक मी परत पाठवणार नाही. नववीतल्या पोरीने भिऊन लिहिलेलं का असेना, माझ्याबद्दल कुणी चांगलं लिहिलेलं तेवढंच आहे.