एकाच चालीचे दोन डबे

आर्णी,
२६ डिसेंबर २००५

अब्बाजान,

शहनाजचा सलाम. उर्दूत लिहायला घेतलं होतं, पण पहिल्याच ओळीत अडखळले, म्हणून शाळेतल्या मराठीवर आले. तुमचा खोकला कसा आहे? फरहाना आपा काढा देते की नाही? दिला तर तोंड वाकडं न करता घ्या.

इकडे सगळं ठीक आहे. नाहिद शाळेत रमली. पाढे म्हणताना ती तुमच्यासारखीच मान हलवते, बघून हसू येतं. गॅरेजही चालू आहे. यंदा कापसाला भाव नाही, त्यामुळे ट्रकवाले नवीन सामान म्हटलं की तोंड फिरवतात. शादाबचं काम चांगलं आहे. जाताना तुम्ही त्याला ठेवून गेलात, ते किती बरं केलंत.

मुद्दाम लिहायला बसले ते धावजीकाकांसाठी. तांड्यावरचे, तुमच्याशी चहावर तासभर बोलत बसायचे ते. मागच्या आठवड्यात कापूस भरलेला ट्रक घेऊन सकाळीच दारात आले. सोबत त्यांच्या घरच्या मानीबाई. मागच्या डाव्या चाकाचा, हवेवर चालणाऱ्या ब्रेकचा डबा हवा सोडत होता. कापूस यवतमाळला संकलन केंद्रावर न्यायचा होता आणि तिथे गाड्यांची रांग लागलेली. शादाबने आतली स्प्रिंग बोल्टाने बांधून डबा उतरवला. काका म्हणाले, "खोल ना बाबू, रबर बदलवून दे." शादाबने नाही म्हणून मान हलवली. आपल्याकडे स्प्रिंगचा डबा खोलत नाहीत, आख्खा बदलतात, एवढंच मी सांगितलं.

आपल्याजवळ नवा एकच डबा होता. नंबर तोच, दोन झाकणं आवळून धरणारा पट्टाही तेवढाच. शादाब बसवायला निघाला, तेव्हा माझी नजर हवेच्या नळीच्या तोंडाकडे गेली. ते चौकोनी होतं. उजवीकडच्या डब्याचं गोल. तुम्ही मला हाताने चाचपायला लावायचात, डोळे मिटून, आठवतं? चौकोनी म्हणजे लांब चालीचा, दांडी जास्त बाहेर टाकणारा; गोल म्हणजे साध्या चालीचा.

मी म्हटलं, हा बसणार नाही.

काका भडकले. "पोरी, दोन्हीवर नंबर एकच लिहेल हाये. कायले अडून राह्यली?"

"काका, नंबर एक हाये, चाल एक नाही. उतारावर ब्रेक तापले की साध्या डब्याची चाल संपते, लांबवाला धरूनच राह्यते. गाडी डावीकडं ओढन."

"तीस वर्षं झाले मले गाडी चालवून!"

"मंग मायापेक्षा तुमालेच जास्त समजते," मी म्हटलं. मानीबाई हसल्या आणि ट्रकच्या सावलीत फतकल मारून बसल्या. "जा बेटा, घेऊन ये," म्हणाल्या, "याइले मी पाह्यतो."

एसटीने यवतमाळला गेले. पहिल्या दुकानात चौकोनीच दाखवला, दुसऱ्यात 'सगळे सारखेच असतात बाई' म्हणाले. शेवटी बसस्टँडमागच्या एका दुकानात गोल तोंडाचा मिळाला. कंपनी तीच, चाल तीच. मांडीवर घेऊन परत आले. आधीच्या डब्याची दांडी आणि याची दांडी टेपने मोजली, मग शादाबने बसवला आणि दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे आवळले. काका गाडी काढून तडक निघून गेले. मला वाटलं, गेलं एक गिऱ्हाईक.

दोन दिवसांनी ते मानीबाईंना घेऊन परत आले. ट्रक रस्त्यातच उभा ठेवून आत आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. यवतमाळच्या अलीकडच्या उतारावर वळण घेतलं तर समोर बैलबंड्यांची रांग, पार रस्त्याच्या मधोमध. आणि डाव्या अंगाला, खाली, कापूस वेचणाऱ्या बाया भाकर खात बसलेल्या, लेकरं मांडीवर. काकांनी ब्रेकवर सगळा जोर दिला. वरची गाठोडी केबिनवर घसरली, पण गाडी सरळ उभी राहिली. वीतभरही डावीकडे गेली नाही. "गेली असती तं..." काका म्हणाले. मानीबाईंनी आरसे लावलेला एक रुमाल माझ्या हातात कोंबला. तो दोघांनी तुमच्यासाठी म्हणून दिला आहे. त्या बायांना हे काहीच ठाऊक नाही. त्या जेवल्या असतील आणि परत वेचणीला लागल्या असतील.

अब्बा, हे तुमच्या शिकवण्यामुळे झालं. आसिम गेले, नाहिद बापावाचून राहिली, तेव्हा माझ्या भावाने मला राळेगावला न्यायची तयारी केली होती. तुम्ही गॅरेजच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणालात, बसायचं तर बस. स्वतः पान्याला हात लावत नव्हतात, पण खुर्चीवर बसून मला एकेक डबा ओळखायला शिकवलात. त्या दिवसांत मला जगायला एक काम दिलंत. हे मी कधी तोंडाने म्हटलं नाही. आज लिहिते.

आणि गुडघे दुखतात म्हणून तुम्ही पुसदला फरहाना आपाकडे गेलात, असं आपण दोघंही सगळ्यांना सांगतो. आपाने मला मागच्या महिन्यात सांगितलं. तुम्ही झोपेत बोलता. "मैंने बोला था खोलने को," असं म्हणता.

तुम्ही तसं बोलला नव्हतात, अब्बा.

आसिम गेले त्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तुम्ही नमाजला निघालात, आसिम गाडीखाली होते. तुम्ही म्हणालात, "उतार के रख, मैं आता हूँ." माझ्या कानांनी ऐकलं. डबा खोलायला नाही, उतरवायला सांगितलं होतं. ट्रकवाला घाई करत होता, आणि आसिमना वाटलं, तुम्ही येईपर्यंत आपणच करून टाकू. त्यांनी आपल्या मनाने पट्टा सोडला आणि आत दाबलेली स्प्रिंग उसळून त्यांच्यावर आली. तुम्हाला आराम मिळावा म्हणूनच सोडला असेल. ते तसेच होते.

मला वाटायचं, तुम्हाला हे आठवतच असेल. आठवण काढून तुम्हाला दुखवायचं नाही म्हणून आजवर गप्प राहिले. तुम्ही भलतंच धरून बसला आहात हे कळल्यापासून मला चैन नाही. कुराणावर हात ठेवून सांगायला तयार आहे.

गॅरेजमध्ये बसू नका हवं तर. कॉम्प्रेसरचा आवाज सुरू झाला की मीही अजून दचकते. घराच्या ओट्यावर बसा, नाहिदचे पाढे घ्या. पण या.

सून म्हणून नाही, त्या दिवशी अंगणात जी होती ती म्हणून लिहिते आहे,

तुमची
शहनाज