गाडीच्या पोटात मोटरसायकल

४ जानेवारी, रविवार
किट आलं. सात खोकी. सांगाडा, फायबरची बॉडी, चार चाकं, दोन सीटा. इंजिन आपलं आपण घालायचं. ते आहेच माझ्या मोटरसायकलचं. गॅरेजवाला म्हणाला, काका, चार-सहा महिन्यांचं काम आहे. या लोकांना हात असतात, दृष्टी नसते. मी आठ रविवार धरलेत. ही एकतीस मार्चला मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होतेय. शाळेच्या फाटकातून तिला माझ्या हातच्या गाडीतून घरी आणणार. तिला सांगितलं. म्हणाली, बरं. भारावली असावी.

११ जानेवारी
इंजिन काढलं. अंदाज दोन तास, लागले नऊ. अकरा बोल्ट कुठले ते कळत नाही. कंपन्या उगाच जास्तीचे लावतात.
संकल्प: काढलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायची.

१२ जानेवारी
चिठ्ठ्या सापडत नाहीत.

२५ जानेवारी
इंजिनाची चेन डावीकडून निघते, मागच्या चाकांचं दातेरी चक्र उजवीकडे. आठवडाभर नुसता बघत बसलो. आज आंघोळीत सुचलं. इंजिनच फिरवून बसवायचं, तोंड मागे! चेन आपोआप उजवीकडे. मेहुणा कारखान्यात फोरमन आहे, त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, भावोजी, थांबा, असं केलंत तर... मी म्हटलं, दारावर कुणीतरी आलंय, ठेवतो. कुणी आलं नव्हतं. जळतात लोक.

१५ फेब्रुवारी
वायरिंग. ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो. खरं तर हे जास्त सुरक्षित. हिने विचारलं, दुधाच्या पातेल्यात काय भिजतंय? म्हटलं, कार्ब्युरेटर. दूध सध्या कढईत तापतं.

८ मार्च, सकाळी ११
सुरू झालं!! गाडी विटांवर, चाकं अधांतरी. पहिला गिअर टाकला, मागची चाकं गरगर फिरली. डोळ्यांत पाणी आलं. धूरही होताच. हिने म्हणे शाळेत सगळ्यांना सांगितलंय, आमचे हे स्वतः बनवलेल्या गाडीतून न्यायला येणार. छाती फुगली.

३० मार्च, सकाळ
विटा काढल्या. पहिला गिअर: गाडी मागे गेली. कुंड्या गेल्या. दुसरा: मागेच, पण जोरात. पाचही गिअर मागे नेतात. मेहुण्याला फोन. म्हणाला, इंजिन उलटं बसवलं की चाकं उलटी फिरणार, तेच तर सांगत होतो. मग नीट सांगायचं ना! आता पुन्हा काढून बसवायला चार रविवार. आणि उद्या मंगळवार.

दुपार
हिला सांगायचं ठरवलं. ती भाषण पाठ करत होती. नाही सांगितलं.

३१ मार्च
शाळा पाऊण किलोमीटर. मान वळवून, मागे मागे जात पोचलो. फाटकात शिक्षक, शिपाई, मुलं. आधी डिकी आली, मग मी. एका मास्तरांनी विचारलं, पार्क करताय का? म्हटलं, नाही, आलोय. ब्रेक दाबला, हॉर्न वाजला, टाळ्या पडल्या. ही पुष्पगुच्छ घेऊन शेजारी बसली. हळूच म्हणालो, अगं, ही पुढे जात नाही. म्हणाली, कळलंय मला, सगळ्या शाळेला कळलंय. तुम्ही स्टिअरिंग धरा, मागे मी बघते. मैदानात वळून निघालो. शाळा समोरच होती, हळूहळू लहान होत गेली. मुलं हात हलवत होती. ही डावीकडे, अहो डावीकडे, असं ओरडत, हसत, मध्येच डोळे पुसत होती.

७ एप्रिल
मान आखडलीय. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला. महिनाभर गाडीला हात लावायचा नाही. ठीक. तोवर कागदावर आराखडा. मग चार रविवार, फार तर पाच.

१२ एप्रिल
हिने गॅरेजवाल्याला बोलावून इंजिन परत मोटरसायकलवर चढवून घेतलं. अर्ध्या दिवसात. म्हणाली, निवृत्त झालेय, आता मला शिकायचीय. आज तिसऱ्या गिअरपर्यंत गेली. इंजिन उत्तम आहे म्हणते. मी खिडकीत खुर्ची टाकून बघतो. कोपऱ्यावरून डावीकडे वळली की दिसत नाही. मान वळत नाही.