नऊ जणांची आघाडी

९ जानेवारी
निकाल लागला. नगरपंचायतीत सतरापैकी कोणालाच बहुमत नाही. धनराजसेठ राईसमिलवाले, त्यांना धरून बाजारातले चार. झनकलालभाऊंना धरून शेतकरी तीन. जंगलाकडच्या वस्तीवरून, टोलीवरून, सगणाबाई मडावी आणि तिची जाऊ फुलवंता, दोघी अपक्ष. बेरीज नऊ, आणि नऊच लागतात. दुपारपासून तिघांकडची माणसं एकामागून एक माझ्या ओसरीवर. मी कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांना चालतो. पोस्टातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी लोकांना वाटतं, मास्तरांच्या हातात दिलेलं पोचतंच.
ही म्हणाली, "तुमाले कायले पाहिजे हे?" खरं म्हणजे बरं वाटत होतं.

१२ जानेवारी
तिन्ही गटांची बैठक. मुद्दे मी लिहिले. सेठना गाळ्यांचं भाडं वाढायला नको. झ.भाऊंना धान खरेदी केंद्र गावातच हवं. देवळासमोरचा रस्ता दोघांनाही आधी हवा. फार उलथापालथ कोणालाच नको. झ.भाऊ म्हणाले, "आपन डावे नाई, लय उजवेही नाई. मधातून जरासे उजव्या अंगाले." सगळे हसले.
सगणाबाई हसली नाही. "टोलीवर नळाचं पानी कई येते, ते लिहा पयले."
पहिल्या नंबरावर लिहिलं. बाकीचे खाली सरकवले.
अध्यक्षाची खुर्ची अडीच वर्षांची: पहिलं सव्वा वर्ष सेठ, पुढचं सव्वा वर्ष स.बाई. सेठ लगेच कबूल झाले. वाद होईल म्हणून मी किती मुद्दे तयार करून ठेवले होते!

१५ जानेवारी
गोंदिया. कलेक्टर ऑफिसात आघाडीची नोंदणी. नऊही जणांची प्रतिज्ञापत्रं मी तयार केली होती. बाबूला एकही चूक सापडली नाही. गटनेता कोण, हा रकाना रिकामा होता. सेठचं नाव मीच सुचवलं.
जिन्यावर स.बाई: "आता सही केली म्हंजे बांधलो का आमी?"
म्हटलं, "सगळेच बांधलो. सेठ पण."

१६ जानेवारी
खुर्ची वाटून घ्यायची असली की पहिल्याकडून राजीनामा आधीच लिहून घेतात, तारीख मोकळी सोडतात आणि तो एका तिसऱ्याकडे ठेवतात. इकडची रीतच ती. तिसरा मी. सेठ लिफाफा चिकटवूनच घेऊन आले. मी जोडावर सही मारली, कपाटात ठेवला.
ही: "आत काय हाय, पाह्यलं का?"
चौतीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली, एकही उघडून पाहिलं नाही. आता या वयात पाहू? बोललो तिच्यावर जरा चढ्या आवाजात.

१९ जानेवारी
मतदानापर्यंत कोणी फुटू नये म्हणून नऊही जणांना सहलीला नेलंय. जंगलातलं कुठलंसं लॉज. फोन सेठच्या माणसाकडे जमा. मला भेटायला जाऊ दिलं. स.बाई बाहेर पायरीवर बसली होती. "जंगलातल्या बाईले जंगल दाखवाले आनलं मास्तर. अन् कडी बाहेरून."

२१ जानेवारी
नऊ विरुद्ध आठ. सेठ अध्यक्ष. गुलाल. माझ्या टोपीलाही. स.बाईनं सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला मला. करायला नको होता.

६ जून
पाच महिने होत आले. टोलीच्या पाण्याचा विषय एकाही सभेत नाही. देवळाचा रस्ता झाला, चांगला झाला. सेठला विचारलं तर, "मास्तर, सब होगा, टेंशन काहे को लेते हो." झ.भाऊंना विचारलं, ते धानाच्या रोवणीचं बोलू लागले.

४ जानेवारी (नवी वही)
पलीकडचे दोघे सेठला येऊन मिळाले. कोणत्याच गटात नोंद नसलेले, त्यांना अडवणारं काही नाही. नवाचे अकरा झाले. सेठ म्हणतात, आघाडी मजबूत झाली. मी घरी येऊन कागदावर बेरीज वजाबाकी केली. अकरातून दोन बायका गेल्या तरी नऊ उरतात.
चौकात नवीन वर्षाचं बॅनर. सगळ्यांचे फोटो आहेत. स.बाई, फुलवंता नाहीत. पेंटरकडून राहून गेलं म्हणे.

२१ एप्रिल
सव्वा वर्ष पूर्ण. सकाळीच मिलवर गेलो. सेठ: "बरसात के बाद देखते हैं." मी म्हटलं, ठरलं होतं. "ठरलं होतं ना, मी कुठं नाही म्हणतो?" चहा पाजला. मी प्यायलो.

२२ एप्रिल
स.बाई, फुलवंता, झ.भाऊ ओसरीवर. "काढा लिफाफा." काढला. जोडावरची माझी सही जशीच्या तशी. सगळ्यांना दाखवून फोडला.
राजीनामा आहे. सेठच्याच अक्षरात, सुबक. "वैयक्तिक कारणास्तव". तारीख मोकळी, तशीच असायची होती. खाली सहीची जागाही मोकळी.
उलटा करून पाहिला. लिफाफ्यात पुन्हा हात घातला. दुसरं काही नव्हतं.
स.बाईला वाचता येतं, हळूहळू येतं. तिनं बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं आणि बोट त्या रिकाम्या जागेवर थांबलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ एप्रिल
सेठ: "अरे! सही राहून गेली असंल. पर मास्तर, तुम्ही पोस्टवाले, लेते टाइम देख लेना था ना."
चीड आली ती याची, की माणूस खोटारडा आहे आणि बोलला ते खरं आहे. पाहून घ्यायला हवं होतं. साधी गोष्ट. पोरगंसुद्धा पाहील. मी माझ्या इमानदारीवर इतका खूश होतो की पाहिलं नाही. आणि किंमत तिनं मोजायची.

२६ एप्रिल
गावात बोलतात, मास्तरनं काही घेतलं. झ.भाऊ सांगायला आले. "मले नाई वाटत, पन लोक म्हनून राहिले."
"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"
झ.भाऊ: "माझे दोन मानसं हायेत मास्तर. त्याइले सांभाळा लागते." मागच्याच आठवड्यात त्यांना बांधकाम समिती मिळाली आहे.
ही जेवायला वाढते, बाजूला बसते.

३ मे
टोलीवर गेलो. राहवेना. टँकर दोन दिवस आला नव्हता. विहिरीत एक बाई उतरून वाटीनं पाणी भरत होती, वर दोघी दोर धरून. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. स.बाईनं खाटेवर बसवलं, लोटाभर पाणी आणून दिलं. नको म्हटलं तर, "प्या. दुपारच्याला आले." प्यायलो.
लिफाफ्याचा विषय तिनं काढला नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माहेरी चिचगडले बाप सांगे, जबान देल्ली तं कागद कायले? तुमी म्हनले, कागद पक्का असते." मी उठलो.

११ मे
सभेची नोटीस. विषय एकच: टोलीच्या पाण्यासाठी आलेला निधी बाजारातल्या नव्या गाळ्यांकडे वळवणे. सोबत गटनेता सेठच्या सहीचा व्हिप, नऊही जणांना. या कागदावर सही करायला सेठ विसरले नाहीत.
स.बाई घेऊन आली. वाचून सांगितलं. बाजूनं हात वर करायचा, नाही केला तर सदस्यत्व जातं.
"म्हंजे आमच्याच पान्याच्या इरोधात आमीच हात वर कराचा?"
"हो."
"अन् हे कोनत्या कागदानं?"
नोंदणीच्या. मी भरलेल्या. तेही सांगितलं.

१३ मे
गोंदियाला वकिलाकडे गेलो, ऑटोत बसून दोन ऑफिसं पालथी घातली. वकिलानं नोंदणीचे कागद चाळले. पळवाट नाही म्हणाला. मग कौतुकानं, "किसने बनाया ये? एकदम पक्का काम है."
परतीच्या बसमध्ये रडलो. शेजारच्यानं पाण्याची बाटली पुढं केली. नाही म्हटलं.
त्या दोघींच्या मतांची सेठला गरजच नाही. अकरा आहेत. त्यांना या दोघी नको आहेत, एवढंच. हात वर केला तर टोलीत तोंड दाखवता येणार नाही. नाही केला तर सदस्यत्व जाईल.

१५ मे
सभा अकराला. आठलाच दोघी ओसरीवर. बसल्या नाहीत.
"सांगा मास्तर. तुमचंच आयकून सही केली होती, आताही तुमीच सांगा. हात वर करू का नोको?"
चार रात्री याच प्रश्नावर काढल्यात. म्हटलं, "नका करू."
"सीट जाईन."
"जाईल."
"मंग टोलीकडून बोलाले तेथी कोन राहीन?"
मी कोर्टाचं बोलू लागलो, अपिलाचं बोलू लागलो. ती ऐकत होती, मोठं माणूस बोलतंय म्हणून ऐकतात तशी.
"तुमचं काय जाते मास्तर," ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत असावी.
फुलवंतानं तिचा पदर ओढला. "चाल वो बाई, उशीर होऊन राहिला." गेल्या. स.बाईनं काय ठरवलं, ते सांगितलं नाही.
सभागृहात मागे लोकांना उभं राहू देतात. जायचं म्हणून टोपी घातली, पण ओसरीवरच बसून राहिलो.
बारा वाजले. कोणी सांगायला आलं नाही. मीही विचारायला गेलो नाही.