जुनोना रस्त्यावरची हाक

गडचिरोली,
६ जुलै

प्रिय सुकरी,

आधी एक काम कर. हे पत्र आश्रमशाळेचे दिनेश सर तुझ्या हातात देतील, तेव्हा करिष्माला वाचायला देऊ नकोस. तू स्वतः वाच, एकटी बसून वाच. चष्मा लागला असेल तर चष्मा लाव. कॉलेजची दोन वर्षं काढलीस तू, उगाच मले वाचता येत नाई म्हणून पोरीच्या हातात कागद देशील, मी ओळखते तुला. आणि हे मराठी जरा इस्त्रीचं वाटेल, त्याला हसू नकोस. विद्यापीठात पंधरा वर्षं अर्ज-विनंत्या लिहून लिहून हातालाच सवय लागली आहे. पेन धरलं की 'मले'चं 'मला' होतं.

कशी आहेस, असं विचारायला तोंड नाही. डोमाभाऊंच्या गुडघ्याचं दिनेश सरांकडून कळलं. धानाची रोवणी आली तोंडावर आणि माणूस खाटेवर, म्हणजे सगळं तुझ्याच अंगावर पडलं असणार. मी मे महिन्यात धानोऱ्याला आले होते, तुला माहीत नाही. तुझ्याकडेच निघाले होते. बसस्टँडवर चहा प्यायले, तुझ्या गावाकडे जाणारी काळीपिवळी समोर उभी होती, ड्रायव्हर ओरडत होता, एक सीट बाकी, एक सीट बाकी. मी बसले नाही. आले तशी परत गडचिरोलीला गेले. आता विचारशील, काऊन? सांगते. त्याच्यासाठीच तर लिहायला बसले आहे.

पण आधी करिष्माचं. दिनेश सरांनी मला फोनवर तिची वेळ सांगितली तेव्हा मी म्हटलं, सर, घड्याळ बंद पडलं होतं का तुमचं? आश्रमशाळेच्या त्या मुरमाच्या मैदानावर, पायात कसले तरी दुकानातले बूट, आणि तीन हजार मीटर एवढ्यात? त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पळवलं आणि मला व्हिडिओ पाठवला. सुकरी, मी तो व्हिडिओ ऑफिसात पाहिला आणि मला दार लावून घ्यावं लागलं. तोच डावा खांदा जरा खाली. तीच मान. पळताना हाताची मूठ अशी सैल, जशी मुठीत चारोळीची पिकली चारं घेतलीत आणि ती चुरगळू द्यायची नाहीत. कोणी शिकवलं असेल तिला? तू तर तिच्यासमोर कधी पळालीही नसशील.

तर ऐक. बारावीनंतरच्या ऑनलाइन अर्जाची मुदत तुमच्याकडच्या नेटवर्कनं खाल्ली, ते गेलं. आता उरल्या आहेत त्या खेळाडूंच्या पाच जागा. शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी, राहायला क्रीडा वसतिगृह, जेवण, बूट, सगळं. ह्या पाच जागांवरून यंदा प्रवेश समितीत काय रणकंदन झालं म्हणून सांगू! एक सर म्हणाले, ह्या धावणाऱ्या मुली वर्गात दिसतच नाहीत, जागाच बंद करा. दुसरे म्हणाले, बंद नको, पण राज्यस्तराचं प्रमाणपत्र असेल तरच घ्या. मी गप्प बसणारी आहे का? म्हटलं, जंगलातल्या आश्रमशाळेतली पोट्टी राज्यस्तरावर जाईल कशी? तिला न्यायला गाडी तुम्ही पाठवणार आहात? तिच्याकडे कागद नाही, पाय आहेत, पाय बघा. तीन बैठका झाल्या. शेवटी पाचातल्या दोन जागा खुल्या चाचणीसाठी सुटल्या. कागद नसेल त्यानं पळून दाखवावं, असा ठराव झाला. बाहेर येऊन मी एकटीनंच दोन समोसे खाल्ले. मला वाटलं, बाप्पा, आपण काहीतरी केलं.

आणि दोन दिवसांनी दिनेश सरांचा फोन. मॅडम, पोरगी तयार आहे, बाप तयार आहे, आई नाही म्हणते. मी विचारलं, का? ते म्हणाले, सुकरीबाई म्हणतात, चाचणी जुनोन्याच्या रस्त्यावर आहे ना, त्या रस्त्यानं आमच्या घरच्या पोरीले हाक येते. मी गेली तेव्हा मले आली. हिले नाई पाठवत.

सुकरी, फोन ठेवून मी बोटांवर वर्षं मोजली. वीस वर्षं झाली. मला वाटायचं तू विसरली असशील. खरं सांगायचं तर मला वाटायचं असं नाही, मी तसं ठरवून ठेवलं होतं.

तुला आठवतं, जुनोना रस्त्यावरच्या त्या शर्यतीच्या दिवशी चंद्रपूरला आपण किती लवकर पोचलो होतो? आपल्या कॉलेजच्या धनराज सरांनी आदल्या दिवशीच सगळ्या मुलींना आणून त्या शाळेच्या खोलीत झोपवलं होतं. सकाळी तुझ्या डब्यातली भाकर अन् टमाटरची चटणी आपण दोघींनी खाल्ली, आणि सर ओरडले, पळायच्या आधी जेवते काय वो, लगनाले आली का? मग छातीवर लावायचे नंबर वाटले. कापडाचे नंबर आणि प्रत्येकीला चार पिना. माझ्या पिना गवतात पडल्या, सापडेनात. मी रडकुंडीला आले. तुझ्या चार पिना काढून माझ्या हातावर ठेवल्यास, कुंपणाच्या बाभळीचे चार काटे मोडलेस आणि स्वतःचा नंबर काट्यांनी टोचून घेतलास. वर मलाच हसलीस, आमच्या पिना झाडाले लागतात म्हणून. सहा किलोमीटर ते काटे तुला टोचत राहिले असतील.

जंगल मला तूच दाखवलंस. आमचं घर शेतकऱ्याचं, बांधापलीकडे मोहफुलं वेचायला जायचं तर माझी आई सोडायची नाही. तुझी आजी, रुखमाआजी, आईला म्हणाली, माह्या नातीसंगं पाठव, हरवत नाई. आणि पहिल्याच दिवशी तिनं आपल्याला ती हाक शिकवली. एक तोकडी, एक लांब. कू, कूऽऽ. म्हणजे मी मागं राहिले, अडचणीत आहे, थांब. ही हाक ऐकली की हातातली टोपली टाकून मागं फिरायचं. चारं पिकलेली असोत की टेंबरं, सोडून यायचं. आणि गंमत म्हणून ही हाक कधी द्यायची नाही. मला ती जमेना, माझी कू शिट्टीसारखी व्हायची, आणि तू पोट धरून हसायचीस. एकदा खरंच माझा पाय दगडात अडकला तेव्हा मी दिली, आणि तू कुठून कुठून धावत आलीस. तुझ्या मोहाच्या टोपलीवर दुसऱ्यांच्या बकऱ्यांनी ताव मारला. घरी बोलणी खाल्लीस, पण माझं नाव सांगितलं नाहीस.

त्या शर्यतीचं पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सहा मुली विद्यापीठाच्या संघात जाणार होत्या. तू चौथी होतीस. वळणापाशी बांबू आणि घाणेरीचं रान लागतं, तिथं तू एकाएकी थांबलीस, रस्ता सोडून आत शिरलीस, आणि बाहेर आलीस तोवर सगळं हातचं गेलं होतं. नववी आलीस. धनराज सर भडकले, शर्यतीत मागं पाहते काय? तू म्हणालीस, हाक आली सर. सगळ्या मुली हसल्या. मीही हसले, सुकरी. हे मी आज लिहिते आहे, मीही हसले.

घरी गेल्यावर रुखमाआजीनं विचारलं, हाक कोणाची होती? तू म्हणालीस, माहीत नाई, कोणीच नोहोतं. म्हातारी म्हणाली, मंग तुले तिथून मागं बलावलं. नको जाऊ बाई. दुसऱ्या दिवशी तू तुझे बूट धुवून माझ्या घरी आणून दिलेस. तूच वापर म्हणालीस. मला अर्धा इंच मोठे होते, मी पुढं कापूस घालून वापरले. त्याच बुटांनी मी विद्यापीठाकडून तीन वर्षं पळाले, एक ब्राँझ आणलं, खेळाडूच्या जागेवर पुढचं शिक्षण झालं, मग इथली नोकरी. तू पुढच्या वर्षी कॉलेज सोडलंस. लग्नात मी आले होते. तू माझ्या हातावर हळद लावलीस आणि म्हणालीस, आपल्या दोघींतली एक तं गेली ना पुढं.

आता एक भिंतीची गंमत सांगते. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत जिन्यापाशी नामवंत माजी विद्यार्थ्यांचे फोटो लावायचे ठरलं आहे. एक न्यायाधीश आहेत, एक धानाच्या वाणावर काम केलेले शास्त्रज्ञ, दोन पुढारी तर असणारच. आणि खेळातून माझं नाव. चार महिने झाले, साहेबांचा शिपाई रोज येतो, मॅडम फोटो. कधी म्हणते चांगला नाही, कधी म्हणते स्टुडिओवाला गावाला गेला. परवा शिपाईच म्हणाला, मॅडम, तुमचा चेहरा काई एवढा वाईट नाई. त्याला काय सांगू? त्या भिंतीपुढून जाताना ती रिकामी चौकट दिसली की मी दुसऱ्या जिन्यानं वर जाते.

सुकरी, मी सातवी होते. सहा घ्यायच्या होत्या आणि मी सातवी. माझ्या पुढची सहावी हाताशी येत नव्हती, दम संपला होता, आणि वळणावर तू बाजूनं दिसलीस, काट्यांनी टोचलेला नंबर वाऱ्यानं उडताना. माझ्या बाबांनी सांगून ठेवलं होतं, यंदा निवड झाली तर शिक, नाही तर दिवाळीनंतर कुरखेड्याचं स्थळ आहे. मी हे कारण म्हणून सांगत नाही. तुलाही तर घरचं होतंच. मी तोंडाला हात लावला आणि हाक देल्ली. एक तोकडी, एक लांब. त्या दिवशी ती मले पहिल्यांदा बरोबर जमली. तू थांबली. तू रान उकलत आत गेली, साधना, कुठी हायस वो, साधना, अशी ओरडत. मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं गेली, मान खाली घालून, तुह्यापासून दहा-बारा पावलांवरून. तू माह्यं नाव घेऊन मले शोधून राह्यली होती अन् मी पळून राह्यली होती. पुढची पोट्टी तुह्या ओरडण्यानं दचकून मागं पाहत होती, पण तिले गाठायचं कामच नोहोतं, तुही जागा मले भेटली. सहावी आली. रात्री तू विचारलं, तूनं देल्ली का हाक? मी म्हणली, नाई वो, मी काऊन देऊ? अन् तू मानलं. तुह्या आजीनं मानलं. त्या रस्त्यावरून तुले कोणीच मागं बलावलं नोहोतं. मी होती. करिष्माले तिथं कोणतीच हाक येणार नाई. माफ कर असं लिहीत नाई, ते तू ठरवजो, नाई केलं तरी चालन. माह्यावर राग धर, मले शिव्या दे, पण त्याच्यापायी पोरीले अडवू नको. अठरा तारखेले सकाळी सात वाजता चाचणी आहे. वेळ मोजायचं घड्याळ माह्या हातात राहणार नाई, त्या दिवसाचं काम मी सोडलं, अन् काऊन सोडलं ते म्हाताऱ्या धनराज सरांले जाऊन सांगितलं. तुले लिहायच्या आधी त्यांले सांगितलं, कारण तुले सांगणं जास्त कठीण होतं. तू येजो. त्या वळणावर उभी राहजो, तिथंच, घाणेरीपाशी, अन् पोरगी दिसली का तिले पुढं जाय म्हणून हाक देजो. पाकिटात चार पिना ठेवल्या आहेत. तुह्याच आहेत, मी जपून ठेवल्या होत्या, एकीले थोडा गंज आहे. करिष्माच्या नंबरले लावजो.

अजूनही तुझीच म्हणवून घ्यावंसं वाटणारी,
साधना