मामाची दाढ

रविवार, १२ जुलै
दुपार, घरातले सगळे झोपलेत

प्रिय दादा,

'तीर्थरूप' लिहिणार होते, पण पत्र वाचून झाल्यावर तो मान तुला कितपत पेलेल याची शंका आली, म्हणून साधं 'प्रिय' घातलं. नमस्कार मात्र पूर्ण आहे, तो घे. वहिनीला वाचून दाखवण्याआधी एकदा एकट्याने वाच. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, आणि या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचं आहे.

इकडे सगळं ठीक. ह्यांनी एकट्याने कपाट सरकवायचा पराक्रम केला, त्यामुळे आता कंबर धरून बसलेत आणि कपाट खोलीच्या मधोमध उभं आहे. आम्ही त्याला वळसा घालून जातो-येतो. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी पेटी शिकायला घेतली आहे. त्यांचं एकच गाणं बसवणं चालू आहे आणि आता ते आम्हाला सगळ्यांना येतं.

खरी बातमी तुझ्या भाचीची, खारूची. पुढचे दोन दात बघून तूच तिला हे नाव दिलंस. आता ती चौथीत आहे, झुरळ मिशीला धरून बाहेर टाकते, भिंतीवरून चालते आणि कुणाला म्हणून भीत नाही. तिची दाढ किडली. दुधाची नव्हे, सहाव्या वर्षी मागे येते ती कायमची. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता भरली तर जन्मभर टिकेल, उशीर केला तर काढावी लागेल आणि तिथे पुन्हा दुसरी येणार नाही. आणि ही पोरगी तोंड उघडायला तयार नाही.

पहिल्या खेपेला खुर्चीत बसली, पण ओठ असे मिटले की चमचा घातला असता तरी वाकला असता. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, हळू बोलतात, जबरदस्ती करत नाहीत. पण खारू त्यांच्या हाताकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या गुडघ्याकडे बघत होती. मग वर पंख्याकडे. मग कोपऱ्यातल्या बादलीकडे. दादा, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

छातीवर गुडघा रोवून बसलेला डॉक्टर, पाय धरणारे दोन पैलवान कंपाउंडर, आणि पंख्यावर आपटून टण्णकन बादलीत पडलेली दाढ. घरात चार माणसं जमली की तुझी ही गोष्ट व्हायलाच हवी. तू स्वयंपाकघरातून सांडशी मागवतोस, कुणातरी पोराला खुर्चीत बसवतोस आणि आम्ही हसून हसून लोळतो. खारू तर तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावते. आम्हाला वाटायचं तिला मजा येते. मजा येतच होती, पण ती त्यातला शब्दन्‌ शब्द खरा धरून चालली होती.

दुसऱ्या खेपेला तर ती घरातूनच निघाली नाही. न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. ह्यांनी कमरेवर हात ठेवून आवाज चढवला, मग मी ह्यांच्यावर चढवला, आणि दवाखान्याची वेळ टळून गेली. त्यानंतर ती गार पाणी पिईना. जेवताना एकाच बाजूने चावायला लागली, मान किंचित तिरकी करून, हुबेहूब तुझ्यासारखी.

गेल्या सोमवारी तिला शाळेतून परस्पर नेलं. खुर्चीत बसली, तोंड पुन्हा कुलूपबंद. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं की आता त्या पुढची तारीख देणार, मग त्याच्या पुढची, आणि शेवटी दाढ काढायची. तेवढ्यात खारूने दातांच्या फटीतून मला विचारलं, "मामाला किती जणांनी धरलं होतं?"

मी इतका वेळ कपाटाच्या आणि पेटीच्या गप्पा का मारत होते, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

मी म्हणाले, "कुणीच नाही. मामा आत गेलाच नव्हता."

हो, सांगितलं. आईची शपथ घातली होतीस, ती मी इतकी वर्षं पाळली. लग्न झाल्यावर ह्यांनाही सांगितलं नाही. बाबा आपल्याला दवाखान्याशी सोडून कामावर गेले, आणि तू पायरीवरूनच मागे फिरलास. आपण बागेतल्या बाकामागे बसून राहिलो. माझ्या बाहुलीच्या पोटातला कापूस काढलास, लाल गोळी चोखून तो रंगवलास आणि गालात धरलास. घरी आईने सरबत दिलं, कौतुक केलं. बाबांनी विचारलं, कसं झालं रे, तेव्हा तो गुडघा पहिल्यांदा आला. पंखा आणि बादली नंतरच्या वर्षांतली. मी सगळं ऐकून घेतलं. बाहुली मात्र शेवटपर्यंत पोट खपाटीला गेलेली राहिली.

खारू खुर्चीत ताठ उठून बसली. तिला वाटलं असेल मी तिला फसवते आहे, म्हणून बराच वेळ माझा चेहरा वाचत राहिली. मग तिने दाढेचं काय झालं ते विचारलं. मी म्हणाले, अजून तोंडातच आहे, अर्धी मोडलेली. दुखत असणार, पण तो सांगत नाही.

हे मला कुणी सांगितलं म्हणून वहिनीवर संशय घेऊ नकोस. तुझ्या खिशात कायम लवंगा असतात. मागच्या उन्हाळ्यात गाल सुजला तेव्हा मधमाशी चावली म्हणालास. त्या मधमाशीवर बाकीच्यांनी विश्वास ठेवला असेल, मी नाही.

खारूने डॉक्टरीणबाईंना विचारलं की अशा दाढेचं पुढे काय होतं. त्यांनी काही लपवलं नाही. आत पू होतो, सूज येते, माणूस अर्ध्या तोंडाने जेवतो, म्हणाल्या. मग खारूने आपली दाढ भरताना काय करणार ते विचारलं. सुई टोचेल, ती दुखेल, मग गाल बधिर होईल, मग मशीनचा आवाज येईल. मध्ये नको वाटलं तर हात वर कर, मी थांबेन, असं त्या म्हणाल्या. खारूने थोडा विचार केला. आरसा आपल्या हातात राहील, अशी एक अट घातली. ती मान्य झाली. मग ती आपणहून मागे रेलली आणि तिने तोंड उघडलं, दादा. एवढं मोठं उघडलं की मला तिच्या पडजिभेपर्यंत सगळं दिसलं.

सुईला डोळ्यांतून पाणी आलं, पण हात वर गेला नाही. मशीन सुरू झाल्यावर लगेच गेला. डॉक्टरीणबाई थांबल्या. काय होतंय विचारलं, तर म्हणे काही नाही, खरंच थांबता का ते बघत होते. दुसऱ्यांदा हात वर केला तो दाढेतून काय निघालं ते बघायला. तिसऱ्यांदा केलाच नाही. दाढ भरून झाली. जन्मभराची. मला त्या दवाखान्यात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि खरं सांगायचं तर मी वाजवल्याही.

बाहेर बाकावर एक मुलगा आईच्या पदराआड तोंड लपवून बसला होता. खारू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, अर्धा ओठ लोंबतोय, बोलताना लाळ गळतेय, आणि त्याला म्हणाली, "सुई दुखते. पण थांब म्हटलं की थांबतात." त्याने पदर सोडला. आता वर्गातही तिची गोष्ट चालते, मधल्या सुट्टीत, हातवारे करून. तुझीच भाची, कथेकरी व्हायचीच. फक्त तिच्या गोष्टीत काही उडून पंख्याला लागत नाही, तरी पोरं डबा खायची थांबतात म्हणे. वर्गातल्या दोघींनी दवाखान्यात सोबतीला खारूच हवी असं घरी सांगून ठेवलंय.

मला वाटलं होतं ती तुला हसेल, किंवा चिडेल. घरी येताना बधिर गाल बोटाने दाबून बघत होती. मग म्हणाली, "मामाला कुणी सांगितलंच नसेल, हात वर केला की थांबतात." मी भर रस्त्यात रडले. तिच्या अभिमानाने रडले, आणि त्या पायरीवरच्या माझ्या दादासाठी रडले. त्याला हे एवढं सांगायला कुणी नव्हतं, आणि मी तर त्याच्याहून लहान. तुझं गुपित तिने कुणालाही सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. ते मामाचं आहे, मामाच सांगेल, म्हणते.

तर आता नीट वाच. पुढच्या आठवड्यात तू कामासाठी इकडे येतो आहेस. गुरुवारी दुपारी चारची वेळ मी तुझ्या नावाने घेतली आहे. डॉक्टरीणबाईंना सगळं माहीत आहे, लाजायला काही उरलेलं नाही. घाबरलास तरी चालेल, असं खारूने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. ती तुझ्या शेजारी स्टुलावर बसणार आहे. तुझा हात वर गेला की 'थांबा' तीच म्हणणार, कारण तुझं तोंड उघडं असेल.

शपथ मोडलेली आणि त्याचा जराही पश्चात्ताप नसलेली,
तुझी धाकटी