दुसरी टाकी घेऊ का, याचं उत्तर

बाळ,

सकाळी तू बायकोला फोनवर विचारलंस, माशांसाठी खाऱ्या पाण्याची दुसरी तयार टाकी आणू का. तिने उत्तर माझ्यावर सोपवलं आहे.

तयार टाकी सोयीची असते. पंप, हीटर, गाळणी सगळं मागच्या कप्प्यात बसवूनच येतं, नळ्या जोडत बसावं लागत नाही. पण सगळं एकाच काचेत असतं. गाळणी खाली वेगळ्या टाकीत असती, तर काल निम्मं पाणी तरी वाचलं असतं. खारं पाणी वीज वाहून नेतं. ते प्लगकडे चाललं होतं, ती अनवाणी काचांत उभी होती आणि मी मेन स्विच बंद करायला धावले. तू तेव्हाही शिव्याच देत होतास.

एक मासा जगलाय, बादलीत आहे. हवेचा पंप चालू ठेव, संध्याकाळी दुकानदार त्याला न्यायला येईल. सोफ्याखाली काचा आहेत, चपला घालून झाड.

तिच्या पायाला टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणते, "टाकी फुटली." मी म्हटलं, "फुटली नाही, माझ्या मुलाने फोडली."

आम्ही दोघी आता घरी येणार नाही. शोधत फिरू नकोस.

टाकीचा एक फायदा सांगायचा राहिला. तू म्हणतोस, राग टाकीवर निघाला. मी दारातच उभी होते. स्टूल तू तिच्या डोक्यावर फेकलं होतंस. टाकी मध्ये होती.

आई