स्वयंपाकघरामागची खोली

अप्पा, आज मी भांडायलाच बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत, आता ऐकून घ्यावंच लागेल.

तुमच्या फर्दापूरच्या लॉजवर आता माझा धाकटा भाऊ असतो, आणि बुकिंगचं सगळं मी शहरातल्या पुंडलिकनगरच्या माझ्या घरून बघते. ऑफिसातला कॉम्प्युटर तोच आहे, तुम्ही ज्यावर धुळीसाठी टॉवेल टाकायचात तो. कुठली खोली कुणाला दिली हे त्यात असतं, आणि तेच इंटरनेटवरच्या सर्व्हरवरही असतं, कारण लांबचे लोक तिथून बुकिंग करतात. दोन्हीकडचं एकसारखं ठेवायचं, एवढंच माझं काम. पण फर्दापूरचं नेट गेलं की दोघं रुसलेल्या जावांसारखे आपापल्या चुली मांडतात, आणि नेट आल्यावर कळतं की एकच खोली दोघांनी दोघांना दिली आहे.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल, मीही तेव्हा लॉजवरच होते. ऊन रणरणतं आहे, नेट सकाळपासून गेलेलं. लेणी बघून एक बाई आपल्या लंगडणाऱ्या सासूला घेऊन येते आणि तुम्ही उरलेली शेवटची खोली त्यांना देता. दुपारी नेट येतं, आणि तुमच्या डोळ्यांदेखत त्यांचं नाव पुसून तिथं दुसरंच नाव येतं. आधीची नोंद खरी, हा नियम मीच घातला होता, आणि ते बुकिंग सकाळचं होतं.

"ह्यांचं नाव कुणी काढलं?"

"मी. त्या लोकांनी आधी बुक केलीय, अप्पा."

"कोन लोकं? मला तर कुनी दिसत नाय. ही म्हातारी दिसती, दारात हुभी हाय."

"न दिसणाऱ्याला दिलेला शब्द पण शब्दच असतो."

"लई शिकलीस. मशीनला डोळे नसतील, तुला तर हायेत ना? आपल्या मानसांना पिढ्यानपिढ्या दारादारातून हाकललं. माझ्या दारातून कुनी माघारी जानार नाय, सांगून ठेवतो."

सगळ्यांसमोर बोललात. मला राग आला होता, अजूनही येतो. कारण सासू-सुना त्या खोलीत राहिल्या आणि संध्याकाळी ते न दिसणारे लोक आलेच, नवरा-बायको आणि खांद्यावर झोपलेलं पोर. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, स्वयंपाकघरामागच्या तुमच्या खोलीतली वळकटी उचललीत, ती खोली त्यांना दिलीत आणि स्वतः ऑफिसातल्या बाकड्यावर आडवे झालात. सकाळी कंबर धरून उठलात, तरी ऐट तीच. "भागलं का नाय?" म्हणालात. भागलं नव्हतं, अप्पा. तुम्ही तुमच्या पाठीवर भागवून नेलंत, आणि माझं बरोबर होतं हे काही कबूल केलं नाहीत.

माझं बरोबरच होतं. दारात पोचल्यावर कुणी परत फिरवू नये, म्हणूनच तर माणूस आधी बुक करतो. तुम्हाला जी भीती होती तीच त्याला असते, फक्त तो अजून वाटेत असतो. त्याला विसरायचं, ही कुठली माणुसकी? मी तो नियम बदलला नाही, बदलणारही नाही. वर एक नवा घातला आहे: ऑफिसचा कॉम्प्युटर उत्तर देईनासा झाला की सर्व्हर त्या दिवसाचं बुकिंग थांबवतो, आणि दोघांचा मेळ बसल्यावरच पुन्हा घेतो. तेव्हापासून एका किल्लीसाठी दोन माणसं उभी राहिलेली नाहीत. धाकटा म्हणतो, "ताई, हा डबा फेकून दे, सगळं नेटवरच ठेव." त्यालाही नाही म्हणाले. दारात आलेल्याची नोंद नेटची वाट बघत का थांबावी?

धाकट्याची अजून एक तक्रार आहे. ऑफिसात एक खोली जास्त दिसते आणि सर्व्हरवर एक कमी. "तुझ्या प्रोग्रॅममधी चूक हाय," तो म्हणतो. बघते, म्हणून मी टाळते. परवा लॉज भरलेला असताना एक म्हातारे मास्तर लेणी बघून दमून दारात आले. धाकट्यानं फोन केला, तर मी म्हणाले, स्वयंपाकघरामागची उघडून दे.

म्हणून मी हरले असं समजू नका. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून सांगते: प्रोग्रॅममध्ये चूक नाही. तुमची खोली सर्व्हरला कधीच दिसू नये, अशी ओळ मीच त्यात लिहिली आहे.